भिंतीच्या दोन बाजू

लखनौ शहराचे नाव घेतले की डोळ्यांपुढे नवाबी थाट, चिकनकारीची नाजूक कलाकुसर, ठुमरीचे आर्त सूर आणि 'पहले आप' म्हणणारी तेथील अदब उभी राहते. परंतु याच शहरात गोमती नदीजवळच्या एका उंचवट्यावर पडक्या इमारतींचा एक विस्तीर्ण परिसर आहे. तेथे छपरे नाहीत, दारे-खिडक्या नाहीत. लखौरी नावाच्या पातळ विटांच्या उघड्या भिंती तेवढ्या शिल्लक आहेत आणि त्या भिंतींवर तोफगोळ्यांनी पाडलेली भगदाडे आजही तशीच आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत या जागेला 'रेसिडेन्सी' म्हणतात. जुने लखनौकर मात्र तिला 'बेलीगारद' या नावाने ओळखतात. बेली नावाच्या एका इंग्रज रेसिडेंटच्या काळातील पहाऱ्याच्या दरवाजावरून हे नाव लोकांच्या जिभेवर रुळले.

१८५७ साली या भिंतींच्या दोन्ही बाजूंना माणसे होती. आतली माणसे बाहेरच्यांना मारीत होती, बाहेरची आतल्यांना. युद्ध म्हटले की हे आलेच. पण या दोन बाजूंची माणसे परस्परांपासून किती दूर होती, असा प्रश्न विचारला, तर इतिहास जे उत्तर देतो ते आपल्याला अस्वस्थ करणारे आहे.

या संघर्षाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८५६ च्या फेब्रुवारीत ईस्ट इंडिया कंपनीने नवाब वाजिद अली शाह यांना पदच्युत करून अवधचे राज्य खालसा केले. नवाब कलकत्त्याला गेले. दरबारावर पोट असलेले कारागीर, सेवक आणि नवाबी सैन्यातील हजारो शिपाई एका फटक्यात निराधार झाले. कंपनीच्या बंगाल सैन्यातील शिपायांची मोठी भरती याच अवधच्या खेड्यांतून होत असे. त्यामुळे हा अन्याय केवळ एका राजाचा राहिला नाही. तो घराघरांत पोहोचला. ३० मे १८५७ रोजी लखनौच्या छावणीतील शिपायांनी उठाव केला. ३० जूनला शहराबाहेर चिनहट येथे कंपनीच्या फौजेचा पराभव झाला आणि त्याच दिवशी रेसिडेन्सीला वेढा पडला. पुढे बेगम हजरत महल यांनी आपला अल्पवयीन पुत्र बिरजिस कद्र याला गादीवर बसवून अवधच्या लढ्याचे नेतृत्व स्वीकारले. आत अडकलेल्यांना बाहेरची कुमक मिळण्यास सप्टेंबरची २५ तारीख उजाडावी लागली, आणि सर्वांची सुटका होऊन ती जागा रिकामी होण्यास नोव्हेंबर उजाडला.

वेढ्याच्या प्रारंभी आत सुमारे तीन हजार माणसे होती. इंग्रज अधिकारी व सैनिक साडेआठशेच्या आसपास होते. मुलकी खात्यातील कारकून आणि व्यापारी अशा दीडशेजणांनीही हाती बंदूक घेतली होती. याखेरीज सुमारे सातशे भारतीय शिपाई कंपनीच्या बाजूने लढत होते. उरलेल्यांत स्त्रिया, मुले, आया, पाणक्ये, स्वयंपाकी आणि ला मार्टिनिएर शाळेतील साठाहून अधिक मुले होती. ही शाळकरी मुले निरोप पोहोचवीत, दळण दळीत आणि जखमींना पंख्याने वारा घालीत.

आता त्या सातशे भारतीय शिपायांकडे थोडे थांबून पाहू. त्यांपैकी अनेकजण लखनौच्या छावणीतील १३, ४८ आणि ७१ या क्रमांकांच्या देशी पलटणींतील होते. याच तीन पलटणींतील बहुसंख्य शिपाई उठावात सामील होऊन बाहेर लढत होते. म्हणजे मे महिन्यापर्यंत जे एका रांगेत कवायत करीत होते, एकमेकांना गावाकडची खबरबात सांगत होते, ते जुलैमध्ये भिंतीच्या दोन बाजूंना उभे होते. काही ठिकाणी हे मोर्चे एकमेकांच्या इतके निकट होते की माणसाचा आवाज सहज पलीकडे पोहोचावा. रात्री गोळीबार थांबला की बाहेरचे शिपाई आतल्यांना हाका मारीत, फिरंग्यांची चाकरी सोडून या म्हणून विनवीत, चिडवीत, शिव्याही देत. आतूनही उत्तरे जात. ही हकीकत वेढ्यातून वाचलेल्या इंग्रजांनीच लिहून ठेवली आहे. शत्रू म्हणजे ज्याची भाषा आपल्याला कळत नाही असा कोणी परका, ही आपली सर्वसाधारण समजूत. येथे तर शत्रूची बोलीच काय, त्याचा आवाजही ओळखीचा होता.

जमिनीच्या वर जे घडत होते तेच जमिनीच्या पोटातही घडत होते. रेसिडेन्सीच्या भिंती उडवून देण्यासाठी बाहेरच्यांनी सुरुंग खणण्यास आरंभ केला. या कामी अवधचे पासी लोक तरबेज होते. आतल्या बाजूने त्यांना प्रतिसुरुंग खणणाऱ्या इंग्रज पलटणीत कॉर्नवॉल प्रांतातील काही जुने खाणकामगार होते. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, कोंदट हवेत, घामाने निथळत दोन्हीकडचे मजूर कुदळी चालवीत असत. मध्येच हात थांबवून ते भिंतीला कान लावीत, कारण पलीकडच्या कुदळीचा आवाज ऐकू येणे यावरच जगणे-मरणे अवलंबून होते. एक खाणकामगार हजारो मैल दूरच्या बेटावरून आलेला, दुसरा पाच-पन्नास कोसांवरच्या खेड्यातला. दोघेही हातावर पोट असलेले. मातीचा घट्टपणा, छत ढासळण्याची भीती आणि कुदळीचा नाद ही दोघांची सामाईक भाषा होती. त्या भाषेतून एकमेकांना ओळखायचे ते केवळ ठार करण्यासाठी, ही युद्धाने केलेली क्रूर थट्टा होय.

भिंतीच्या आतल्या जीवनाविषयी बरेच लिहिले गेले आहे. कॅथरीन बार्ट्रम ही एका लष्करी डॉक्टरची तरुण पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन जूनमध्ये लखनौत आली होती. वेढ्यात तिच्या आजूबाजूची मुले पटकी, देवी आणि अतिसाराने दगावत होती. तिचा नवरा सुटकेसाठी निघालेल्या फौजेबरोबर येत असल्याचे तिला कळले. ती वाट पाहत राहिली. परंतु तो डॉक्टर रेसिडेन्सीच्या दाराशी येऊन पोहोचत असतानाच गोळी लागून मरण पावला. पुढे मायदेशी परतण्यासाठी ती कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा तिचे मूलही तेथे दगावले. तिच्या आठवणींचे पुस्तक १८५८ मध्येच प्रसिद्ध झाले. हे वाचताना डोळे पाणावतात, आणि ते पाणावणे योग्यच आहे. कारण अवध खालसा करण्याचा निर्णय त्या तान्ह्या मुलाने घेतला नव्हता.

परंतु त्याच वेढ्यात इंग्रज मुलांना सांभाळणाऱ्या आयाही होत्या. त्यांचीही मुले असतील. गोळ्यांच्या वर्षावात विहिरीवरून पाणी आणणारे पाणक्ये होते. इंग्रजांच्या रोजनिशांत ही माणसे येतात, पण बहुधा त्यांच्या कामाच्या नावाने. त्यांची स्वतःची नावे क्वचितच सापडतात. आणि भिंतीबाहेरचे काय? शहरात राहणाऱ्या, ना शिपाई ना सरदार अशा हजारो माणसांपैकी कोणाच्या पत्नीने आपल्या आठवणी छापल्या? दुःख दोन्ही बाजूंना होते. पण कागद, शाई आणि छापखाना यांची वाटणी मात्र सारखी नव्हती.

ही असमानता सिकंदरबागेत सर्वांत ठळकपणे दिसते. वाजिद अली शाह यांच्या काळातील या तटबंदीच्या बागेत १६ नोव्हेंबर १८५७ रोजी इंग्रज फौजेने उठाववाल्यांना कोंडून धरले. सुमारे दोन हजार भारतीय तेथे मारले गेले. हल्ला करणाऱ्यांत स्कॉटिश पलटणीबरोबर पंजाबी शिपाईही होते, हे विसरून चालणार नाही. मेलेल्या इंग्रज सैनिकांना चर खणून पुरण्यात आले. भारतीयांचे देह तसेच पडून राहिले. काही महिन्यांनी फेलिस बिआटो नावाचा छायाचित्रकार तेथे आला. त्याने टिपलेल्या चित्रात भग्न इमारतीपुढे विखुरलेली हाडे दिसतात. त्यांतील एकाही हाडाला नाव नाही. याच लढाईत पिंपळाच्या झाडावरून नेम धरून लढणाऱ्या उदादेवी या वीरांगनेची कथा लोकस्मृतीने जपली, आणि आता तेथे तिचा पुतळा उभा आहे. बाकीच्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

सिकंदरबागेत हल्लेखोर 'कानपूर'च्या नावाने आरोळ्या ठोकीत होते. त्यांना सूड घ्यायचा होता. १५ जुलै १८५७ रोजी कानपूरच्या बीबीघरात कैदेत असलेल्या सुमारे दोनशे स्त्रिया आणि मुलांची कत्तल झाली होती. परंतु त्यापूर्वी जूनमध्ये अलाहाबाद आणि त्या वाटेवरच्या गावांत इंग्रज फौजेने कित्येकांना कसलीही चौकशी न करता फासावर लटकवले होते. सूडाच्या साखळीचे हे वैशिष्ट्यच असते. प्रत्येकजण आपल्याला लागलेली कडी पहिली समजतो आणि तिच्या आधीची कडी पाहण्याचे टाळतो.

या साखळीत दोन प्रसंग असे आहेत की ते एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत.

पहिला बीबीघरातला. तेथे पहाऱ्यावर असलेल्या शिपायांना कैद्यांना मारण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी स्त्रिया-मुलांवर शस्त्र चालवण्यास नकार दिला. काहींनी बंदुका छताच्या दिशेने झाडल्या, अशी हकीकत नोंदली गेली आहे. मग ते काम दुसऱ्या माणसांकडून करवून घेण्यात आले.

दुसरा प्रसंग मार्च १८५८ मधला. इंग्रजांनी लखनौ पुन्हा जिंकले, कैसरबागेचा राजवाडा लुटला. त्या वेळी लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्राचा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल शहरात होता. त्याने आपल्या रोजनिशीत, इतरांनी सांगितलेली एक घटना नोंदवली आहे. एक काश्मिरी मुलगा एका अंध वृद्धाचा हात धरून इंग्रज चौकीपाशी आला आणि एका अधिकाऱ्याच्या पायांवर पडून त्याने अभय मागितले. अधिकाऱ्याने पिस्तूल त्याच्या डोक्याला लावले. भोवतीचे गोरे सैनिक धिक्काराने ओरडले. पिस्तूल उडाले नाही. त्याने पुन्हा चाप ओढला, तरीही उडाले नाही, तिसऱ्यांदाही नाही. तीनदा त्याला विचार बदलण्याची संधी मिळाली होती. चौथ्यांदा गोळी सुटली आणि ते पोर त्याच्या पायाशी रक्ताच्या थारोळ्यात कोसळले. सैनिक संतापाने ओरडत राहिले.

बीबीघरातील भारतीय शिपाई आणि लखनौतील इंग्रज सैनिक एकमेकांना कधी भेटले नाहीत. समोरासमोर आले असते तर त्यांनी एकमेकांवर संगिनी रोखल्या असत्या. तरीही एका क्षणी दोघांच्याही मनाने एकच गोष्ट सांगितली : हे माणसाचे काम नव्हे. दोघेही हत्या थांबवू शकले नाहीत. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. इंग्रजांच्या गौरवगाथेत पहिल्यांना जागा नाही आणि आपल्या गौरवगाथेत दुसऱ्यांना. परंतु युद्धाच्या काळात माणुसकी जिवंत होती याचा पुरावा द्यायचा झाला, तर साक्षीदार म्हणून याच अनामिकांना बोलावावे लागेल.

सामान्य माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेले १८५७ मराठीतही आहे. रायगड जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने त्या वर्षी उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या वणव्यात सापडले. १८५८ मध्ये झाशीच्या पाडावाच्या वेळी ते त्या शहरातच होते. त्यांनी पाहिलेली लूट, जाळपोळ आणि निरपराध रयतेची कत्तल 'माझा प्रवास' या पुस्तकात वाचायला मिळते. चिंतामण विनायक वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. गोडसे भटजी लढवय्ये नव्हते. जीव वाचवत, उपाशीतापाशी, गंगेच्या पाण्याची कावड सांभाळीत ते घरी परतले. लखनौच्या गल्ल्यांतही असे अनेकजण असतील. फरक एवढाच की त्यांची हकीकत लिहिली गेली नाही.

येथे एक शंका मनात येणे स्वाभाविक आहे. दोन्ही बाजूंच्या माणसांचे दुःख सारखेच, असे म्हटले, तर न्याय-अन्यायाचा भेद पुसला जात नाही का? स्वातंत्र्यासाठी लढणारा आणि राज्य बळकावणारा यांना एकाच तराजूत तोलायचे काय? नाही. अवध खालसा करणे हा अन्याय होता आणि त्याविरुद्ध उठणे हा तेथील लोकांचा हक्क होता. हा निवाडा बदलण्याचे कारण नाही. परंतु बाजू न्याय्य असली म्हणून त्या बाजूने केलेले प्रत्येक कृत्य न्याय्य ठरत नाही, आणि बाजू अन्यायाची असली म्हणून तिच्याकडच्या तान्ह्या मुलाचे मरण क्षुल्लक होत नाही. न्यायाचा हिशेब आणि माणुसकीचा हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत. एक उघडताना दुसरी मिटवण्याची गरज नाही.

मराठी माणसाला हे समजणे अवघड नाही. १६७३ साली शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात सैनिकांनी लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नये, असे बजावले आहे. त्या पत्राचा आपण अभिमान बाळगतो. पण अठराव्या शतकाच्या मध्यात नागपूरकर भोसल्यांच्या मराठी फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा तेथील खेड्यांनी जे भोगले ते इतके खोल रुतले की बंगाली आया आजही बाळाला झोपवताना अंगाईत 'बर्गीं'चे नाव घेतात. ते बर्गी म्हणजे आपलेच बारगीर. पत्राचा अभिमान आणि अंगाईची जाणीव या दोन्ही गोष्टी ज्याच्या मनात एकत्र नांदू शकतात, त्यालाच इतिहास नीट वाचता आला असे म्हणावे लागेल.

लखनौत स्मारकांची उणीव नाही. रेसिडेन्सीच्या आवारात इंग्रजांच्या कबरी आहेत; वेढ्याच्या पहिल्याच दिवसांत मरण पावलेले हेन्री लॉरेन्स तेथे चिरनिद्रा घेत आहेत. कंपनीच्या बाजूने लढताना पडलेल्या भारतीय शिपायांसाठीही इंग्रजांनी एक स्तंभ उभारला. तेथील बुरुजावर रात्रंदिवस फडकणारा ब्रिटिश ध्वज ऑगस्ट १९४७ मध्ये कायमचा उतरला. उठावाच्या शताब्दीला, १९५७ मध्ये, रेसिडेन्सीसमोर गोमतीच्या काठी स्वातंत्र्यवीरांचे शहीद स्मारक उभे राहिले. बेगम हजरत महल यांनी शरणागती पत्करली नाही. १८७९ साली काठमांडूत त्यांचा अंत झाला. १९६२ पासून लखनौतील एका मोठ्या उद्यानाला त्यांचे नाव आहे. अशा रीतीने ज्यांना पूर्वी जागा नव्हती त्यांना जागा मिळाली, हे योग्यच झाले. तरीही २००७ साली, उठावाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, आपल्या पूर्वजांच्या कबरी पाहण्यासाठी आलेल्या ब्रिटिश पाहुण्यांविरुद्ध शहरात निदर्शने झाली. ज्यांच्या पूर्वजांची हाडे सिकंदरबागेत उघड्यावर पडली, त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. आणि कबरीवर फूल ठेवू पाहणाऱ्याचे मनही समजण्यासारखे आहे. मात्र जो केवळ आपल्याच कबरीला फूल वाहून परततो, त्याची यात्रा अपुरी राहते, मग तो लंडनचा असो की लखनौचा.

सिकंदरबागेच्या परिसरात आज राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. जेथे हाडे विखुरली होती तेथे आता रोपे वाढवली जातात, त्यांची नावे पाटीवर लिहिली जातात. एखाद्या झाडाचेही नाव हरवू नये म्हणून माणूस इतकी काळजी घेतो. मग युद्धात हरवलेल्या माणसांसाठी निदान एवढे तरी करता येईल : विजयाची तारीख पाठ करताना, त्या दिवशी भिंतीच्या पलीकडे कोण होते, हेही विचारायचे. हुकूम मोडणारा तो शिपाई, धिक्काराने ओरडणारा तो सोजीर, पाणी आणणारा पाणक्या, अंध म्हाताऱ्याचा हात धरून आलेला तो मुलगा. त्यांची नावे आता सापडणार नाहीत. पण ते होते, आणि ते आपल्यासारखेच होते, हे लक्षात ठेवणे अजून आपल्या हाती आहे.